एका घरांतील दोन धर्म

ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या धर्माबाहेरच्या माणसांशीं कसें वागावें, हा प्रश्न बहुधा व्यासपीठावरून सोडविला जातो. मला तो आगगाडीच्या डब्यांत व स्वयंपाकघरांत पाहावासा वाटतो. कारण कवि नारायण वामन टिळक यांच्या चरित्रांत तो तेथेंच उपस्थित झाला.

१८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीनें राजनांदगांवास चालले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. त्या काळीं गोरा सहप्रवासी दिसला म्हणजे आपल्या माणसानें अंग चोरून बसावें, असाच रिवाज! परंतु या गृहस्थानें टिळकांशीं आदरानें वागून संस्कृत काव्याविषयीं बोलणें काढलें, आणि निरोप घेतांना ‘नव्या करारा’ची प्रत त्यांच्या हातीं दिली. त्याचें नांव टिळकांस कधींच कळलें नाहीं. पुढें त्या पुस्तकांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथवर गोष्ट गोड आहे. पण जें सौजन्य एका परक्या माणसानें टिळकांस दाखविलें, तें टिळकांनीं त्या प्रसंगीं स्वतःच्या पत्नीस दाखविलें नाहीं, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. पत्नी दूर असतां, तिची संमति न घेतां, त्यांनीं हें पाऊल टाकलें. लक्ष्मीबाईंना लहानग्या मुलासह पंढरपुरास बहिणीच्या आश्रयानें दिवस कंठावे लागले. ते दिवस ज्यांस जाणावयाचे असतील त्यांनीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ उघडावीं. माझ्या शब्दांत तें दुःख पुसट होईल.

पुढें अहमदनगरास दोघें पुन्हां एकत्र आलीं, तेव्हां लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. स्वयंपाक निराळा, पाणी निराळें, सोवळें कायम! ख्रिस्ती उपदेशकाच्या संसारांत हें चालावें, याचें अनेकांस नवल वाटलें असेल. टिळकांनीं तें चालूं दिलें. पूर्वीं केलेली घाई आतां त्यांनीं केली नाहीं. जातिभेदाचा पीळ लक्ष्मीबाईंनीं आपल्याच विचारानें सोडविला, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मुलांकडून पाठ म्हणून घेणें सोपें असतें. त्यांस समजेपर्यंत थांबणें किती कठीण, हें आम्हां शिक्षकांस विचारावें.

हें थांबणें टिळकांच्या अंगवळणीं पडलें होतें, याचें प्रत्यंतर म्हणजे बालकवि ठोंबरे. १९०७ च्या जळगांवच्या कविसंमेलनांत हा पोरसवदा कवि सर्वांच्या नजरेंत भरला. पुढें तो नगरास टिळकांच्या घरीं राहिला, आणि लक्ष्मीबाईंनीं त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. असा बुद्धिमान ब्राह्मण मुलगा घरांत असतां त्यास आपल्या धर्मांत ओढण्याचा मोह एखाद्यास आवरला नसता. परंतु १९१८ सालीं आगगाडीच्या अपघातांत मृत्यु येईपर्यंत बालकवि हिंदूच राहिले, आणि त्या घराचा लोभहि राहिला.

टिळकांचे अभंगहि याच वृत्तीचे. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें ते मानीत. ज्या वाटेनें आलों तिला नांवें ठेवण्याची त्यांस गरज वाटली नाहीं. १९१७ सालीं मिशनचें काम सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ आरंभिला, त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांसहि जागा होती. तो नीट भरण्यापूर्वींच ९ मे १९१९ रोजीं त्यांचा अंत झाला. घरांतल्या चुली मात्र केव्हांच एक झाल्या होत्या.