गाडीचे काटे : विश्वास कोणावर ठेवावा?

वाचकहो, आपले राहाता गाव नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले आहे. पेरूच्या बागांतून निघालेले टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि शिर्डीच्या यात्रेकरूंची वाहने यांची येथे सदैव वर्दळ असते. यातील प्रत्येक चालकाच्या समोर काही छोट्या तबकड्या असतात. त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे आणि जुनी गाडी दुरुस्त करून वापरणाऱ्यांना तो उपयोगीही पडेल.

सुरुवातीच्या मोटारींना असे काटे जवळजवळ नव्हतेच. दाब मोजण्याची युक्ती मात्र मोटारीपेक्षाही जुनी आहे. फ्रान्समधील यूजेन बुर्दाँ यांनी १८४९ मध्ये वाकड्या, चपट्या नळीच्या दाबमापकाचे पेटंट घेतले. दाब वाढला की नळी किंचित सरळ होते व काटा फिरतो. हे साधन वाफेच्या इंजिनांतून पुढे मोटारीच्या ऑइल गेजमध्ये आले. १९०२ मध्ये जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी फिरत्या चुंबकावर चालणाऱ्या वेगमापकाचे पेटंट घेतले. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत बॉइस यांचा तापमापक रेडिएटरच्या झाकणावरच बसू लागला. पुढे तो चालकाच्या समोर आला.

आपल्या भागाकडे पाहू. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एस.टी.ची पहिली बस धावली. त्याच सुमारास, १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने निघालेल्या आणि १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेल्या कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला होता. युद्धकालीन जीपमध्ये दोन्ही पद्धती एकत्र नांदत होत्या. ऑइल व तापमान यांचे गेज नळीवर चालत, तर पेट्रोलचा काटा विजेवर चालत असे. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि वेगमापकावरील मैलांच्या जागी किलोमीटर आले.

आता निवडीचा प्रश्न घेऊ. नळीच्या गेजला विजेची गरज नसते आणि तो खरा दाब थेट दाखवतो. पण त्याची नळी झिजून फुटली तर गरम तेल चालकाच्या पायांवर येते. विजेच्या गेजला फक्त तार लागते, ती बसवणे सोपे असते. परंतु अर्थिंग खराब झाले की काटा खोटे बोलतो.

दुसरा वाद अँपिअर मीटर व व्होल्ट मीटर यांचा आहे. डायनॅमोच्या काळात अँपिअर मीटर पुरेसा होता. अल्टरनेटर आल्यावर प्रवाह वाढला. हा सारा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत आणणे म्हणजे सैल जोड तापून आगीला निमंत्रण देणे होय. व्होल्ट मीटरला बारीक तार पुरते. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना काटा साधारण १३.८ ते १४.४ वर असावा; तो खाली राहिला तर चार्जिंग तपासावे.

तिसरा प्रश्न काटा की दिवा? दिवा नजरेत चटकन भरतो, पण ऑइलचा दिवा दाब फारच घसरल्यावर पेटतो. काटा आधीपासून सूचना देतो. मात्र पाहणारा जागरूक हवा. म्हणून दोन्ही असणे उत्तम.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. रेडिएटरमधील पाणी पूर्ण निघून गेले, तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. चालक निर्धास्त राहतो व इंजिन जाम होते. ऐन गळीत हंगामात ट्रॅक्टर असा बसला की दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेल्या खेपा, असा दुहेरी फटका बसतो. म्हणून काटा अचानक खाली आला तरी गाडी थांबवावी आणि इंजिन थंड झाल्यावरच झाकण उघडावे.

तात्पर्य, स्वस्त-महाग किंवा जुने-नवे एवढ्यावर गेज निवडू नये. तो काय मोजतो, कसा मोजतो आणि कधी चुकतो, हे जाणून निवडावा. वाचकहो, साधनाची मर्यादा ओळखणे हाच यंत्रशिक्षणाचा पहिला धडा आहे. आपल्या तरुणांनी गॅरेजमध्ये पाना हाती घेण्यापूर्वी तो अवश्य गिरवावा.