चेपलेला हॅम्बर्गर

काही पदार्थ राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यात जन्मास येतात, तर काही कामगारांच्या वस्तीतील टपऱ्यांत. अमेरिकेतील चेपलेला हॅम्बर्गर हा दुसऱ्या कुळातला. गोमांसाच्या खिम्याचा गोळा तापलेल्या तव्यावर ठेवावयाचा, उलथन्याने दाबून पातळ करावयाचा आणि दोन-तीन मिनिटांत पावात घालून खावयाचा, एवढीच त्याची कृती. परंतु तीवर एक जुना आक्षेप आहे. मांस दाबले की त्यातील रस निघून जातो. मग असला शुष्क पदार्थ करण्यात आणि खाण्यात स्वारस्य ते कोणते? या प्रश्नाचे उत्तर त्या पदार्थाच्या इतिहासात सापडते.

1906 साली अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकागोच्या मांसकारखान्यांतील घाणीचे वर्णन वाचून अमेरिका हादरली आणि त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा संमत झाला. खिम्यात काय दळले आहे ते डोळ्यांना कळत नाही. साहजिकच लोक त्याकडे संशयाने पाहू लागले. हा संशय दूर करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी कॅन्सस राज्यातील विचिटा येथील वॉल्टर अँडरसन या आचाऱ्याकडे जाते. 1916 मध्ये त्याने तेथे छोटेसे दुकान थाटले. तो खिमा चपटा करून, कांद्यासह, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भाजीत असे. 1921 मध्ये बिली इंग्रॅमच्या भागीदारीत त्याने 'व्हाइट कॅसल' काढले. शुभ्र इमारत, लखलखीत तवे आणि किंमत अवघी पाच सेंट! श्रमजीवी माणसाला स्वच्छ आणि परवडेल असा घास मिळाला.

त्याच दशकात ओक्लाहोमातील एल रीनो या रेल्वेच्या गावी निराळाच प्रयोग झाला. 1922 च्या रेल्वे-संपाने तेथील कुटुंबांची मिळकत आटली होती. मांस महाग, कांदा स्वस्त. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढते, त्याच न्यायाने तेथील दुकानदारांनी मूठभर कांद्याचे पातळ काप खिम्यावर रचून ते उलथन्याने त्यात दाबून बसविले. टंचाई सरली, पण हा प्रकार टिकला. त्या गावात आजही त्याचा वार्षिक उत्सव भरतो.

टंचाई संपल्यावरही जे लोक आवडीने खातात, त्यात काही गुण असलाच पाहिजे. 1912 मध्ये लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्यात उष्णतेने होणारी जी क्रिया वर्णिली, तीत तो गुण दडलेला आहे. खमंगपणा तिच्यापासूनच येतो. दाबलेला खिमा तव्याला सर्वांगाने भिडतो आणि त्याला तपकिरी, कुरकुरीत पापुद्रा धरतो. राहता राहिला रसाचा प्रश्न. खिमा थंड असताना त्यातील चरबी घट्ट असते. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात दाबल्यास फारसे काही वाया जात नाही. मागाहून दाबल्यास मात्र आक्षेपकांचे म्हणणे खरे ठरते. शिवाय पातळ खिमा आतपर्यंत शिजतो. 1993 मध्ये अमेरिकेत अपुऱ्या शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे मुले दगावली, हे ध्यानात घेता हा लाभ लहान नव्हे.

तात्पर्य, जाड मांसाचा रसाळपणा ज्याला हवा, त्याने चेपलेल्या हॅम्बर्गरच्या वाटेस जाऊ नये. थोडक्या मांसात पुष्कळ चव मिळविण्याची ही विद्या आहे. ती शिकण्याजोगी आहे; आणि तिचे फळ तव्यावरून उतरताच, गरम असतानाच खावे.