तेहेतीस अधिक तेहेतीस

गोल्फचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या यादीने सांगितला जातो. पण जून १९२६ मधली एक खेळी अशी आहे की, तिला करंडक नव्हता, बक्षीस नव्हते, आणि तरी जवळपास शंभर वर्षे तिची आठवण काढली जाते. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे आणि बर्कशर परगण्यांच्या सीमेवर सनिंगडेल नावाचे मैदान आहे. तिथे बॉबी जोन्स या चोवीस वर्षांच्या अमेरिकन हौशी खेळाडूने अठरा होल ६६ फटक्यांत पूर्ण केले. ती ब्रिटिश ओपनची केवळ पात्रता फेरी होती. तिथले फटके मुख्य स्पर्धेत धरले जाणार नव्हते.

या खेळीचा हिशेब मात्र विलक्षण आहे. पहिल्या नऊ होलना ३३ फटके, पुढच्या नऊंना ३३. ग्रीनवर चेंडू ढकलण्याचे फटके, म्हणजे पट, ३३. उरलेले सारे मिळूनही ३३. संपूर्ण कार्डावर ३ आणि ४ यांखेरीज तिसरा आकडा नाही. म्हणजे दोन्ही अर्ध्यांत तीन वेळा ३ आणि सहा वेळा ४. तेराव्या आखूड होलवर चेंडू वाळूत गेला, पण तेही होल तीनच फटक्यांत उरकले. हातात हिकरीच्या लाकडी दांड्याच्या काठ्या होत्या. सेंट अँड्रूजच्या नियमसंस्थेने पोलादी दांडे मान्य केले ते १९२९ मध्ये. लाकडी दांडा फटका मारताना पीळ खातो, त्यामुळे त्या काठ्यांनी लांबून अचूक फटका मारणे हे हाताच्या जाणिवेचे काम असे.

मैदानाचाही या खेळीत वाटा होता. इंग्लंडात समुद्रकाठची वाळूची जमीन सोडली, तर आतल्या भागात गोल्फ चिकणमातीवर खेळले जाई, आणि पावसाळी दिवसांत तिथे चिखल होई. सनिंगडेलची जमीन वाळूची, हेदरच्या झुडपांनी भरलेली. शेतीला निरुपयोगी, पण पाण्याचा निचरा उत्तम. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या मालकीच्या या माळावर ओपनचा दोन वेळचा विजेता विली पार्क (धाकटा) याने मैदान आखले. हेदर काढून गवताचे बी पेरले गेले आणि १९०१ मध्ये खेळ सुरू झाला. लंडनहून आगगाडी होतीच. शेतकऱ्याला नकोशी जमीन शहरातल्या सुखवस्तू माणसाची हौस झाली.

‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो. हौशी नाट्यस्पर्धांच्या तालमी ज्यांनी नोकरी सांभाळून केल्या, त्यांना या म्हणीतली खोच कळते. मोल असतेच, ते कुणी तरी भरलेले असते. जोन्सचे वडील अटलांटातले वकील. त्याने स्वतः इंजिनिअरिंगची आणि पुढे हार्वर्डमधून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली होती. खेळातून पैसा न घेण्याची प्रतिज्ञा त्याला परवडत होती. ज्यांचे पोट खेळावर होते, त्या व्यावसायिकांना मात्र इंग्लंडातल्या अनेक क्लबघरांत प्रवेश नसे. १९२० मध्ये डील येथील ओपनच्या वेळी वॉल्टर हेगनला क्लबघरात कपडे बदलू दिले नाहीत, तेव्हा त्याने भाड्याची आलिशान मोटार दारासमोर उभी करून तिचीच खोली केली.

जोन्सच्या काठ्यांच्या संचात पुढे गाजलेला ड्रायव्हर होता ‘जीनी डीन्स’. नाव वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतल्या नायिकेचे. तो बनवला जॅक व्हाइट याने, आणि हा व्हाइट सनिंगडेलचाच व्यावसायिक. १९०४ ची ओपन त्याने २९६ फटक्यांत जिंकली होती. चार फेऱ्यांत तीनशेच्या आत आलेला तो पहिला विजेता. म्हणजे हौशी माणसाच्या हातातली सर्वांत प्रिय काठी एका माजी विजेत्याच्या, पोटासाठी काठ्या घडवणाऱ्या हाताने तासलेली होती. हे ध्यानात घेतले की, हौशी तो निर्मळ आणि व्यावसायिक तो हिशेबी, ही त्या काळची वाटणी टिकत नाही.

तरीही जोन्सच्या हौसेला केवळ श्रीमंतीचा खेळ म्हणणे अन्यायाचे होईल. पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत त्याने ६८ केले आणि लिथम येथे मुख्य स्पर्धा जिंकली ती २९१ फटक्यांत, अल वॉट्रसवर दोन फटक्यांनी. शेवटच्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मधे तो हॉटेलवर गेला आणि परतताना खेळाडूचा बिल्ला विसरला. दारवानाने अडवले. जोन्सने वाद घातला नाही. प्रेक्षकासारखे तिकीट काढले आणि आत गेला. विजेत्याचे रोख बक्षीस हौशी म्हणून त्याला घेता येत नव्हते. आत जायला पैसे भरले, जिंकूनही पैसे मिळाले नाहीत.

१९३० मध्ये एकाच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून, अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने स्पर्धात्मक खेळ सोडला. त्यानंतर गोल्फ शिकवणाऱ्या चित्रपटांसाठी पैसे घेतले आणि हौशीपणावरचा हक्कही उघडपणे सोडून दिला. लिथमला ज्या ठिकाणच्या वाळूतून त्याने सतराव्या होलवर निर्णायक फटका मारला, तिथे आज स्मृतिफलक आहे. सनिंगडेलच्या खेळीची खूण म्हणजे आकड्यांचे एक कार्ड. त्यात तीन आणि चार, एवढेच.