नियम क्रमांक ४२ : तेलवाल्यांचा न लिहिलेला नकाराधिकार

हवामान बदलावरची जागतिक परिषद दरवर्षी भरते आणि दरवर्षी शेवटच्या रात्री बातमी येते, "देशांमध्ये एकमत होऊ शकले नाही." ही बातमी वाचून हळहळणाऱ्यांना आम्हाला एकच विचारायचे आहे. एकमतच झाले पाहिजे, हा नियम केला कोणी? मित्रहो, असा नियम कोणी केलेलाच नाही. सगळी गोम तिथेच आहे.

१९९२ साली रिओ दि जानेरोमध्ये हवामान करार सह्यांसाठी खुला झाला आणि त्याखालची पहिली परिषद १९९५ मध्ये बर्लिनला भरली. अध्यक्षस्थानी जर्मनीच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल होत्या. आपल्या वस्तीतले मंडळसुद्धा आधी नियमावली मंजूर करते, मग कामाला लागते. तसे इथेही व्हायचे होते. नियमावलीच्या मसुद्यात ४२वा नियम मतदानाचा होता. एकमताचे सगळे प्रयत्न थकले, तर शेवटी दोन तृतीयांश मतांनी निर्णय घ्यावा, असा त्यात एक पर्याय होता. सौदी अरेबिया, कुवेत आणि ओपेकमधल्या त्यांच्या साथीदारांनी तो अडवला. नियमावली मंजूर करायलाही सर्वांची संमती हवी, म्हणून ती तशीच लोंबकळत राहिली. तेव्हापासून प्रत्येक परिषद तोच मसुदा वापरते, फक्त ४२वा नियम वगळून. तीस वर्षे झाली. मतदानाचा नियम नाही म्हणून मतदान नाही, आणि मतदान नाही म्हणून ज्याला काहीच होऊ द्यायचे नाही त्याच्या हाती चावी.

बर्लिनमध्येच ही घाई का? कारण समुद्र ज्यांच्या दारात येऊन ठेपला होता त्या छोट्या बेटांनी आदल्या वर्षी एक मसुदा दिला होता : श्रीमंत देशांनी २००५ पर्यंत कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी करावे. तेल विकणाऱ्यांना धोका कळला. एक गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. बर्लिनमध्ये विकसनशील देशांच्या गटातून ओपेकला बाजूला ठेवून ७२ देशांची वेगळी मोट बांधण्यात भारताने पुढाकार घेतला होता. त्यामुळेच कोंडी फुटली आणि क्योटोची वाट मोकळी झाली. म्हणजे ओपेक म्हणजेच गरीब देश, हे समीकरण तेव्हाही खोटे होते.

या देशांना सल्ला कोण देत होते? डोनाल्ड पर्लमन नावाचा अमेरिकी वकील. रेगन यांच्या सरकारात काम करून आलेला हा गृहस्थ क्लायमेट कौन्सिल या उद्योगधार्जिण्या गटाचा प्रतिनिधी म्हणून परिषदांच्या आवारात वावरायचा आणि आखाती प्रतिनिधींना कोणत्या शब्दावर हरकत घ्यायची ते पुरवायचा. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये माद्रिदला शास्त्रज्ञांचा अहवाल मंजुरीला आला, तेव्हा माणसाच्या हातून हवामान बदलते आहे हे सांगणाऱ्या वाक्यातल्या एका विशेषणावर तासन्‌तास घासाघीस झाली. हरकतीत सौदी आणि कुवेत पुढे होते. शेवटी मानवी प्रभाव 'लक्षणीय' न राहता नुसता 'जाणवण्याजोगा' उरला.

करारातले कलम ४.८ तर प्रत्येकाने एकदा वाचावे. कोणत्या देशांच्या अडचणींचा खास विचार करायचा, त्याची ती यादी आहे. सुरुवातीला छोटी बेटे, मग दुष्काळी आणि वाळवंट पसरणारे प्रदेश, आणि त्याच यादीत खाली खनिज इंधनाच्या उत्पन्नावर जगणारे देश! ज्याचे घर बुडते तो आणि ज्याचा धंदा बसेल तो, दोघे एकाच बाकावर. पुढे तेल देशांनी हट्टच धरला की बेटांच्या मदतीची चर्चा पुढे जायची तर आमच्या नुकसानीचीही तितकीच गेली पाहिजे. बुडणाऱ्यालाच ओलीस धरले.

आता इथे अभ्यासू कार्यकर्ते आम्हाला अडवतील. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनीच बहुमताच्या राजवटीला आव्हान देताना एकमताच्या तत्त्वाचा दाखला दिला होता. ज्यूरी आणि राष्ट्रसंघ ही उदाहरणेही दिली होती. मग सौदीचे काय चुकले? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांसमोरचे बहुमत जन्माने ठरलेले, कधीही न बदलणारे होते आणि त्याचा भार सोसणारा दुबळा होता. तेल देश संख्येने थोडे आहेत, दुबळे नाहीत. शिवाय नकाराधिकार फक्त थांबवू शकतो. कागदावर तो तुवालूकडेही आहे, पण तुवालूला काही थांबवायचे नाही, घडवायचे आहे. तिथे तो निरुपयोगी ठरतो.

२०१८ मध्ये पोलंडच्या कातोवित्सेत हाच खेळ पुन्हा झाला. १.५ अंशांवरचा अहवाल परिषदेनेच मागवलेला. त्याचे "स्वागत" करायला सौदी, कुवेत, रशिया आणि अमेरिका यांनी नकार दिला; "नोंद घेतली" एवढेच म्हणा, असा आग्रह. (अमेरिका सौदीच्या आडोशाला उभी राहते हे नवीन नाही. आणि २०२१ मध्ये ग्लासगोला कोळसा "बंद करण्या"ऐवजी "कमी करण्या"चा शब्द भारतानेच घालायला लावला, हेही लपवून चालणार नाही.)

२०२३ ची परिषद दुबईत. अध्यक्ष सुलतान अल जाबेर, जे अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुखही होते! परिषद चालू असतानाच ओपेकच्या सरचिटणीसांनी सदस्य देशांना पत्र लिहिले, की उत्सर्जनाऐवजी इंधनालाच लक्ष्य करणारा मजकूर नाकारा. तरीही खनिज इंधनापासून दूर जाण्याचे शब्द अखेर ठरावात आले. २८ परिषदांमध्ये पहिल्यांदाच.

२०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेममध्ये ८० हून अधिक देशांनी त्या शब्दांचा पुढचा आराखडा मागितला. अंतिम ठरावात खनिज इंधनाचा उल्लेखसुद्धा नाही. मग कोलंबिया आणि नेदरलँड्सने इंधनाच्या प्रश्नावर एप्रिल २०२६ मध्ये सांता मार्ता येथे वेगळी परिषद जाहीर केली. ती संयुक्त राष्ट्रांच्या त्या सभागृहाबाहेरची आहे, आणि तिथे यायला सौदीची संमती लागत नाही.