मोदकांची फजिती आणि घरचं व्याकरण

श्रोतेहो, व्याकरण म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मास्तरांची छडी उभी राहते. पण आपल्याच पैठणच्या एका जुन्या कथेत व्याकरणाचा धडा सुरू होतो तो पाण्यातल्या खेळात, आणि तोही नवराबायकोच्या.

काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' रचला. त्यात प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाची ही गोष्ट आहे. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेल्या एका राणीने संस्कृतात विनवणी केली. तिच्या बोलण्यात 'मोदकैः' असा शब्द आला. राजाला वाटलं, राणी मोदकांचा मारा मागते आहे! त्याने मोदक मागवले. राणीला हसू आवरेना. पाण्यात मोदकांचं काय काम? 'मा' म्हणजे नको, 'उदकैः' म्हणजे पाण्याने. दोन्ही मिळून 'मोदकैः' झालं होतं. राणीचं म्हणणं एवढंच, की आता पाणी उडवू नका.

दासदासींदेखत झालेली फजिती राजाच्या जिव्हारी लागली. त्याने अन्न सोडलं, बोलणं सोडलं. शेवटी मंत्र्यांपुढे त्याने मन मोकळं केलं, की मला व्याकरण शिकायचं आहे, पण किती दिवस लागतील? एरवी या विद्येला बारा वर्षं लागत. गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत! त्याने शब्द खरा केला, आणि 'कातंत्र' नावाचं सुटसुटीत व्याकरण जन्माला आलं, असं कथा सांगते. पैज हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत सोडलं आणि पैशाची भाषेत 'बृहत्कथा' लिहिली.

आता ही झाली कथा. तिला इतिहासाचा दाखला म्हणता येणार नाही. परंतु सातवाहनांचे नाणेघाटातले आणि नाशिकच्या लेण्यांतले लेख प्राकृतात आहेत, हे खरं. ज्यांचा कारभार प्राकृतात चाले, त्यांना संस्कृतचा संधी अडावा यात नवल ते काय? कातंत्र हा ग्रंथही खराच आहे. तो बंगालपर्यंत शिकवला गेला, तिबेटी भाषेत उतरला. आणि गंमत पाहा, त्यातलं पहिलं प्रकरण संधीचं! राजा जिथे अडखळला, नेमका तिथूनच धडा सुरू.

शब्दांचे असे खेळ त्या काळी शिक्षणाचाच भाग होते. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत 'प्रहेलिका' म्हणजे कोडी आहेत आणि 'प्रतिमाला'ही आहे. प्रतिमाला म्हणजे आपल्या भेंड्याच की! एकाने श्लोक म्हणायचा, दुसऱ्याने शेवटचं अक्षर धरून पुढचा म्हणायचा.

पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण छापून आलं. नियम पुस्तकात आले, शाळेत आले. पण घरातले खेळ काही थांबले नाहीत. चुलीपाशी आजी विचारायची, घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का कुजलं? तिन्हींचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. आता नातवाला विचारा, 'न फिरल्यामुळे' म्हटलं तर चालेल का? तो म्हणेल, छे, भाकरी आपण होऊन कशी फिरेल? झालं! फिरणे आणि फिरवणे यांतला भेद त्याला कळला. 'प्रयोजक क्रियापद' हे नाव मास्तरांनी मग सावकाश सांगावं.

मुलांची 'च'ची भाषा घ्या. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि त्याच्या जागी 'च' घालायचा. 'मला पाणी'चं होतं 'चलाम चणीपा'. शब्दाची अक्षरं सुटी करता आल्याशिवाय हे जमत नाही. पोर पाटी न धरताच ते शिकतं.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पैठणच्या राजाकडे धन होतं, पंडित होते, तरी एका हसण्याने तो अंथरुणाला खिळला. मग दहा वर्षांच्या पोराचं काय होत असेल? तेव्हा चुकलेल्या शब्दाला सगळ्यांनी मिळून हसावं; चुकणाऱ्याला मात्र हसू नये. आज रात्री जेवणं झाली की एक कोडं घाला आणि पहिली चूक थोरांपैकी कुणाला तरी करू द्या.