वळवट, मोदक आणि मुरडीचा कानवला

ग्वाल्हेर शहराच्या मुरारकडील बाजूस, थाटीपूर भागात, दर्पण कॉलनी या नावाची वसाहत आहे. तेथील एखाद्या मराठी घरात विवाहकार्य निश्चित झाले, म्हणजे मांडव पडण्याच्या कितीतरी आधी एक लहानसा विधी उरकण्यात येतो. शेजारच्या घराला त्याचा पत्ताही लागत नाही. चांगला दिवस पाहून सुवासिनींना बोलावणे धाडतात, त्यांना हळदकुंकू लावून पाटावर बसवितात आणि दुधात घट्ट भिजवून ठेवलेल्या रव्याचा गोळा त्यांच्या पुढ्यात ठेवतात. या गोळ्यातून पहिले चार दाणे वळले गेले की गव्हल्यांचा मुहूर्त झाला. पुढे मंगलकार्याला पुरतील एवढे गव्हले करण्यास कित्येक दुपारी लागतात.

गव्हला म्हणजे गव्हाच्या पिठाचा गव्हाच्या दाण्याएवढा दाणा. व्याख्या सोपी, कृती मात्र तशी नाही. प्रथम पीठ इतके मळावे लागते की ते ओढले असता तुटू नये आणि सोडले असता पसरू नये. मग त्याची बारीक वात करून ती डाव्या हाताच्या चिमटीत धरावयाची आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये तिचे टोक किंचित पीळ देऊन तोडावयाचे. तोडताना दोन्ही टोके निमुळती व्हावीत, पोट थोडे फुगीर राहावे. बोटाला तूप अधिक लागले तर दाणा निसटतो, कमी लागले तर चिकटतो. तयार दाणे ताटात विरळ पसरून सावलीत वाळवितात, कारण कडक उन्हात ते तडकतात. वाळलेले गव्हले तुपावर परतून, शिजवून, दूध-साखरेत सोडले म्हणजे लग्नघरची खीर होते. सराईत हाताचे गव्हले ताटात एकाशेजारी एक पाहिले तर कोणता दाणा कोणी वळला हे त्या त्या बाईला सांगता येते. इतरांना ते सारे सारखेच दिसतात.

गव्हले हा वळवटातील केवळ एक प्रकार होय. नखुले, बोटवे, मालत्या, शेवया ही त्याचीच भावंडे. नखुल्यावर नखाचा ठसा उमटलेला असतो, बोटवा बोटांनी वळून लांबट केलेला असतो. वऱ्हाड-नागपुराकडे सरगुंडे करतात. त्यांत पिठाची तार बारीक काडीभोवती गुंडाळून वाळवितात आणि उन्हाळ्यात आंब्याच्या रसाबरोबर खातात. ‘वळवट’ हा शब्द ‘वळणे’ या क्रियापदापासून आला, हे उघड आहे. त्याच धातूपासून आलेला ‘वळण’ हा शब्द मराठी माणूस अक्षरालाही लावतो आणि मुलांच्या शिस्तीलाही लावतो. पूर्वी मुलीच्या हाताला वळण लागले की नाही, याची परीक्षा बहुधा याच ताटावर होत असे. ती परीक्षा काहीशी निष्ठुर होती, हेही सांगितले पाहिजे.

हा प्रकार किती जुना, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात सिद्ध अन्नाचे गुणदोष सांगणारा एक विभाग आहे. तेथे ‘सेविका’ नावाच्या पदार्थाचे जे वर्णन येते ते असे : समिता म्हणजे गव्हाचे सपीठ घ्यावे, त्याच्या जवासारख्या दिसणाऱ्या अतिसूक्ष्म वाती कराव्यात, त्या वाळवाव्यात, दुधात शिजवाव्यात आणि तूप-साखर घालून खाव्यात. सेविका या शब्दाचे शेवईशी नाते आहे, यात शंका नाही. परंतु वर्णन लक्षपूर्वक वाचले तर ते लांब शेवईपेक्षा गव्हल्यालाच अधिक लागू पडते. भावमिश्राने उपमा जवाची दिली, मराठी बायकांनी नाव गव्हावरून ठेवले. दोघांच्याही डोळ्यांपुढे धान्याचा दाणाच होता. इटली देशातही गव्हाच्याच पिठाचा याच आकाराचा एक पदार्थ आहे आणि त्यास ‘ओर्झो’ म्हणतात. त्या भाषेत ओर्झो म्हणजे जव. एवढ्यावरून कोणी कोणाचे उचलले असा तर्क लढविण्याची घाई करू नये. पीठ आणि दोन बोटे जेथे एकत्र आली तेथे धान्याचा आकार सुचणे अगदी स्वाभाविक आहे.

याहून मागे जावयाचे तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथाकडे वळावे लागते. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक म्हणजे आपले मांडे आले आहेत. मांड्याला पोळपाट-लाटणे पुरत नाही. सैल कणकेचा गोळा हातांवर खेळवीत खेळवीत विस्तारावा लागतो आणि तापलेल्या खापरावर अलगद सोडावा लागतो. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा प्रत्येक भाविकास ठाऊक आहे. कथेचा पारमार्थिक अर्थ संतचरित्रकारांनी सांगितलाच आहे. इतिहासाच्या दृष्टीने तीत एक बारीकशी गोष्ट नमूद झाली आहे. विसोबाच्या आडकाठीमुळे त्या घरास उणे पडले ते कुंभाराच्या खापराचे. पीठ घरात होते आणि मुक्ताबाईच्या हातांस मांडा ठाऊक होता.

मोदकाची कथा निराळी आहे, आणि व्याकरणाच्या अभ्यासकांस ती विशेष प्रिय आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, राजा सातवाहन राण्यांसह जलक्रीडा करीत असतो. एक राणी त्यास ‘मोदकैः’ म्हणते. तिला म्हणावयाचे असते ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नका. राजास संधी कळत नाही. तो मोदकांची ताटे आणवितो. राणी हसते, राजा लज्जित होतो, आणि त्याला व्याकरण शिकविण्यासाठी शर्ववर्म्याने कातंत्र व्याकरण सिद्ध केले, असे पुढे सांगितले आहे. हे मोदक कोणत्या आकाराचे होते, ते कथेत नाही. संस्कृतात मोदक हा शब्द लाडवासही चालतो, आणि प्राचीन गणेशमूर्तींच्या हातातील पात्रात बहुधा गोल लाडूच दिसतात. म्हणून उकडीचा कळीदार मोदक तेवढा खरा आणि उत्तरेकडील लाडू हा त्याचा अपभ्रंश, असे जे कधी कधी अभिमानाने बोलले जाते, त्यास आधार नाही. शब्द दोघांचा आहे. तांदळाच्या उकडीची पारी करून तिला कळ्या पाडणे ही मात्र कोकणच्या हाताची कमाई आहे.

आता ग्वाल्हेरकडे येऊ. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा तळ स्थिर केला आणि त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले. शिंद्यांचे मूळ गाव साताऱ्याकडील कण्हेरखेड. त्यांच्या मागोमाग देशावरचे शिलेदार आले, कारकून आले, भट-भिक्षुक आले. दौलतरावांच्या पश्चात बायजाबाईंनी 1827 ते 1833 पर्यंत राज्याचा कारभार पाहिला. त्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून 1857 मध्ये कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेस निघाले, आणि त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे तो काळ आपणांस वाचावयास मिळतो. पुरुषांच्या या येण्याजाण्याची नोंद दप्तरांतून आणि बखरींतून सापडते. त्यांच्याबरोबर ज्या स्त्रिया आल्या त्यांनी काय आणले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ती पाहावयाची तर सणाच्या ताटात पाहावी लागते.

ताटात काय दिसते? चंबळेच्या या मुलखात माड नाही. ओला नारळ दुर्मिळ, कोकणचा तांदूळ त्याहून दुर्मिळ. गहू मात्र उत्तम आणि दूधदुभते मुबलक. त्यामुळे येथील मराठी घरांत चतुर्थीला बहुधा कणकेच्या पारीचे, सुक्या खोबऱ्याच्या सारणाचे तळणीचे मोदक आले. देशावर ते पूर्वीपासून होतेच. कोकणातून आलेल्या घरांनी उकडीची हौस जमेल तेव्हा भागविली आणि जमेना तेव्हा कणकेस कळ्या पाडल्या. पीठ बदलले, सारण बदलले, शिजविण्याची रीत बदलली. अंगठा आत आणि दोन बोटे बाहेर ठेवून पारी फिरवीत चुण्या घेण्याची आणि शेवटी त्या एकत्र आणून वर शेंडी काढण्याची चाल तेवढी बदलली नाही. सामग्री भूमीची असते, ती वाटेत राहून जाते. आकार हातात असतो, म्हणून तो प्रवास करतो.

करंजीची हकीकत याहून मनोरंजक आहे. करंजाच्या शेंगेसारखा आकार, म्हणून करंजी, अशी तिची व्युत्पत्ती सांगतात. ग्वाल्हेरात तिला गुजिया भेटली. दोघी दिसावयास जुळ्या बहिणी. पण गुजिया होळीची आणि खव्याची, करंजी दिवाळीची आणि खोबऱ्याची. इतकी वर्षे शेजारी राहिल्यावर करंजीत खवा शिरला यात नवल नाही, आणि मराठी घरी होळीला पुरणपोळीच्या पंक्तीस गुजिया येऊन बसली यातही नाही. पुष्कळांना हे सारे भेसळीसारखे वाटते. वस्तुतः शेजारधर्माची याहून गोड साक्ष मिळणे कठीण.

परंतु करंजीच्याच घराण्यातील कानवल्याला एक मुरड असते, आणि या लेखाचा खरा विषय ती मुरड आहे. कानवल्याची अर्धचंद्राकार कड कातण्याने न कापता चिमटीने दुमडीत, एकावर एक घडी बसवीत नेतात; जणू दोरीचा पीळच. ज्येष्ठा गौरींना निरोप देण्याच्या दिवशी पुष्कळ घरांतून या मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य असतो. अर्थ असा की गौरीने मुरडून यावे, पुन्हा याच घरी परतावे. सासरी निघालेल्या लेकीबरोबर कानवले देण्याची रीतही याच भावनेतून आली. शब्दात जो अर्थ आहे तोच बोटांच्या कृतीत आहे. कड मुरडली नाही तर प्रार्थना उच्चारलीच गेली नाही. दक्षिणेतून निघताना कित्येक मातांनी असे कानवले बांधून दिले असतील. ती माणसे मुरडून गेली नाहीत. येथेच राहिली, येथेच वाढली. 1948 मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला, लष्करातील जुने वाडे हळूहळू मोडले आणि कुटुंबे नव्या वसाहतींतून पांगली. दर्पण कॉलनीतील स्वयंपाकघरात मुरड पोहोचली ती अशी, दोन शतकांच्या वाटेने.

ती तेथे किती दिवस टिकेल, हा प्रश्न आहे. आकार ग्रंथात राहत नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 मध्ये छापले गेले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 मध्ये निघाले, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 मध्ये आली. या पुस्तकांनी परगावी, परमुलखी एकट्या पडलेल्या सुनांवर केलेले उपकार थोर आहेत. पण पुस्तक पिठाचे माप सांगते, पाण्याचे माप सांगते. मुरड घालताना चिमटीत किती जोर असावा ते कसे सांगणार? तेथे दुसऱ्या हातावर हात ठेवूनच शिकावे लागते. साच्याने मोदक सुबक होतो, वेळ वाचतो, पाहुणे समाधानाने जेवतात. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या स्त्रीने साचा वापरला म्हणून तिला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. देवास साच्याचा मोदक चालतो. मात्र कातण्याने कापलेला कानवला गौरीपुढे ठेवून त्यास ‘मुरडीचा’ म्हटले, तर तेथे नाव उरते आणि मुरड जाते. पुढच्या पिढीस या नावाचा अर्थ विचारला तर ती काय सांगणार?

गव्हल्यांची स्थिती तीच आहे. आता ते पाकिटात तयार मिळतात आणि मुहूर्तापुरते चार दाणे घरी वळले जातात. पण हे चार दाणेही लहान नाहीत. पाटावर बसलेल्या पाच जणींपैकी एक तरी म्हातारी असते, तिच्या शेजारी एखादी नात कुतूहलाने येऊन बसते, आणि म्हातारी न बोलता आपल्या चिमटीतील वात तिच्या चिमटीत देते. पहिला दाणा जाड होतो, दुसरा तुटतो. तिसऱ्याला कोणी हसत नाही.

आषाढातील दिव्यांच्या अमावास्येला तर शिकण्याशिकविण्याचीही गरज पडत नाही. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवावयाची, लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्यावयाचा आणि मध्ये अंगठा दाबावयाचा. घरातील लहानात लहान मुलासही एक गोळा मिळतो. दिवे उकडून निघतात, त्यांत तूप-वात घालून ते देवापुढे लावतात, आणि वात विझल्यावर तेच दिवे तुपाबरोबर प्रसाद म्हणून वाटतात. त्या दिवशी ताटात आलेल्या प्रत्येक दिव्याच्या खळग्यात कोणाचा तरी अंगठा असतो. लहान खळगा पाहून मूल आपला दिवा ओळखते आणि तोच मागून घेते.