तळेगाव, टोलनाक्याच्या पलीकडचं

मुंबईला जाता-येता लागणारा टोलनाका, यापलीकडे तळेगावबद्दल माझं ज्ञान शून्य होतं. म्हणजे एमआयडीसी आहे, जेसीबीची फॅक्टरी आहे वगैरे माहीत होतं. पण 'वीकेंडला कुठे?' या प्रश्नाचं उत्तर तळेगाव असू शकतं हे काही कधी डोक्यात आलं नव्हतं.

परवाच्या शनिवारी लोणावळ्याला जायला लोकल पकडली. पावसाळी शनिवार, त्यामुळे डब्यात अख्खं पुणं. तळेगाव येईपर्यंत एका पायावर उभा होतो. शेवटी वैतागून उतरलो!

उतरल्यावर कळलं की तळेगावं दोन आहेत. एक स्टेशनाजवळचं आणि दुसरं आतलं, जुनं, दाभाड्यांचं. खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये मराठ्यांचे सेनापती झाले. त्यांची समाधी बनेश्वराच्या देवळापाशी आहे. तिथे पावसात भिजलेला काळा दगड आणि अजिबात गर्दी नाही. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसायला जागा शोधणाऱ्या मंडळींनी विचार करावा.

पण मला खरं सांगायचंय ते काचेबद्दल.

मावळात उद्योग आले ते एक्सप्रेसवेबरोबर, अशी माझी ठाम समजूत होती. मग पैसा फंडाबद्दल वाचलं. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाची कल्पना होती: दर माणशी वर्षाला फक्त एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचा. टिळकांनी ती उचलून धरली. आता जरा हिशोब करू. तेव्हा रुपयाचे पैसे ६४. म्हणजे एक लाख माणसांकडे हात पसरला तर हातात किती? १५६२ रुपये ८ आणे. बास! लाख दारं वाजवायची आणि एवढेच पैसे. आमच्या ऑफिसात वाढदिवसाच्या केकची वर्गणी वसूल करताना नाकी नऊ येतात, म्हणून मला या आकड्याचं जास्त अप्रूप.

आणि तरी १९०८ मध्ये तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेच हे साल. काच शिकवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय, जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवायचे, लोखंडी नळीच्या टोकावर तो गोळा घ्यायचा, फुंकायचा आणि मग हळूहळू थंड करायचा. घाई केली की तडा. हे पुस्तक वाचून येत नाही, भट्टीसमोर उभं राहूनच येतं. म्हणून कारखान्यातच मुलांना शिकवायची सोय होती. इथे तयार झालेली माणसं देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. खुद्द वार्ष्णेयांनीही पुढे उत्तर प्रदेशात बहजोईला कारखाना काढला. मला विचाराल तर तळेगावचा सगळ्यात महत्त्वाचा माल म्हणजे ही माणसं, बाटल्या नंतर.

त्याच सुमाराला इथे विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालयही होतं. राष्ट्रीय शिक्षण देणारी शाळा. सरकारला ते झेपणार नव्हतंच. विजापूरकरांना एका लेखावरून तुरुंगात टाकलं आणि १९१० मध्ये शाळा बंद केली. कारखाना चालू, शाळा बंद, हे बघून गंमत वाटते. काच फुंकणारी पोरं सरकारला कमी धोक्याची वाटली असावीत!

अलीकडचं सांगायचं तर जनरल मोटर्सचा प्लांट इथे २००८ मध्ये आला, बरोबर शंभर वर्षांनी. २०२० च्या शेवटी तिथलं उत्पादन थांबलं. शेकडो कामगारांच्या घरात तेव्हा काय झालं असेल त्याची कल्पनाच केलेली बरी. पुढे ह्युंदाईने तो प्लांट घेतला आणि तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या. एक पैसा देणाऱ्याचं नाव कुठल्या फलकावर नसतं, पण कारखाना बंद करायचा निर्णय निदान डेट्रॉईटला होत नव्हता.. असो.

संध्याकाळी स्टेशनाबाहेर चहा घेतला. काचेच्या ग्लासात. रिकामा झाल्यावर उलटा करून तळाशी काही नाव आहे का बघितलं. चहावाला म्हणाला, "साहेब, स्वच्छ आहे, धुतलाय."

लोणावळा राहिलंच. घरी पहिला प्रश्न होता, "चिक्की कुठाय?"